वर्ग आणि वर्गमूळ : घरी बसून करावयाचा एक पाठ

सातवी-आठवीच्या गणितात वर्ग आणि वर्गमूळ हा भाग येतो, आणि पुष्कळ घरांत "आमच्या मुलाला गणित जमत नाही" हे वाक्य प्रथम त्याच सुमारास ऐकू येते. तोपर्यंत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चार क्रियांवर मूल कसेबसे तरलेले असते. आता एक नवेच चिन्ह समोर येते. त्याच्याखाली चार-पाच आकडी संख्या बसलेली असते आणि ती सोडवण्याची रीत म्हणून फळ्यावर हुकूम लिहिले जातात. दोन दोन अंकांच्या जोड्या करा, आलेल्या अंकाची दुप्पट करा, तिच्यापुढे एक अंक मांडा. जोड्या कशासाठी, दुप्पट कशासाठी, हे कोणी सांगत नाही. मूल ते पाठ करते, परीक्षेत उतरवते आणि सुट्टीत विसरते. पुढे पायथागोरसचा सिद्धान्त, वर्गसमीकरणे, भूमिती, पदार्थविज्ञान ही सारी याच जोत्यावर उभी राहावयाची असतात. जोते कच्चे राहिले की दहावीनंतर विज्ञानशाखेचे नावच घरात निघत नाही. आणि मुलीच्या बाबतीत तर ते फार लवकर ठरून जाते.

महोत्सवी स्मरणिकेत शिक्षकाने काय लिहावे? शिक्षणाच्या महत्त्वावर पुष्कळांनी लिहिलेले आहे. म्हणून येथे एक पाठच देत आहे. पालकांनी मुलांना जवळ बसवून, कागद, पेन्सिल, कात्री आणि मूठभर चिंचोके घेऊन तो वाचावा. ज्यांची शाळा सुटून तीस वर्षे झाली त्यांनाही तो जड जाऊ नये.

प्रथम जमिनीपासून आरंभ करू. आपल्या बेळगाव भागात जमिनीचे बोलणे एकर-गुंठ्यांत चालते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशा चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे एक गुंठा. १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर, म्हणजे ४३५६० चौरस फूट. गुंठा हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो ३३ चा वर्ग आहे हे वर्गात सांगितले की मुले चमकून वर पाहतात. एखाद्या संख्येला तिनेच गुणले की तिचा वर्ग होतो. त्याला 'वर्ग' म्हणा किंवा 'चौरस' म्हणा, गोष्ट एकच. बाजू ३३, तर चौरस १०८९. उलट, चौरस १०८९ असेल तर बाजू किती, हे विचारणे म्हणजे वर्गमूळ काढणे. वर्गमूळ म्हणजे चौरसाची बाजू. एवढी एकच गोष्ट मनात पक्की झाली तरी या पाठाचे निम्मे काम झाले.

आता मुलाला विचारा : एक गुंठ्याची बाजू ३३ फूट, तर दोन गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू किती? दहांपैकी आठ मुले "६६ फूट" म्हणतील, आणि खरे सांगावयाचे तर मोठी माणसेही म्हणतात. चित्र काढून पाहा. ६६ फूट बाजूच्या चौरसात ३३ चे चार चौरस बसतात. म्हणजे ते चार गुंठे झाले. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. बाजू तिप्पट केली की नऊपट. हा घोटाळा आजचा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'मेनो' या संवादात असाच प्रसंग लिहून ठेवला आहे. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूच्या चौरसाची दुप्पट करावयास सांगतो. मुलगा प्रथम बाजू चार फूट करतो, चौरस सोळाचा होतो; हवा असतो आठाचा. मग तो तीन फूट म्हणतो, चौरस नऊचा होतो. ज्या मुलाला कोणी कधी काही शिकवले नव्हते तो केवळ चित्राकडे पाहून शेवटी बरोबर उत्तराशी येतो. ते उत्तर पुढे येईल.

या गोष्टीचा व्यवहाराशी किती जवळचा संबंध आहे याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. एका कुटुंबाला दोन जागा दाखवण्यात आल्या. एक ३० फूट बाय ३० फूट, दुसरी ४० फूट बाय ४० फूट, आणि दुसरीची किंमत पहिलीच्या दीडपट. घरातल्या कर्त्या माणसाने हिशेब केला : तिसाचे चाळीस, म्हणजे जागा एक-तृतीयांशाने मोठी, मग किंमत दीडपट कशी? त्याने दुसरी जागा नाकारली. वस्तुतः पहिली जागा ९०० चौरस फूट होती आणि दुसरी १६०० चौरस फूट, म्हणजे पाऊणेदोन पटींहूनही थोडी अधिक. दीडपट किमतीला १३५० चौरस फूट मिळाले असते तरी सौदा बरोबरीचा होता. येथे वर २५० चौरस फूट मिळत होते. त्याच घरात आठवीत शिकणारी मुलगी होती आणि तिला तीस व चाळीस यांचे वर्ग तोंडपाठ होते. तिला कोणी विचारले नाही, आणि आपल्या वहीतले वर्ग बाहेरच्या खोलीत चाललेल्या बोलण्यासाठी आहेत हे तिलाही कोणी कधी सांगितले नव्हते.

असो. आता चिंचोके घ्या. एक चिंचोका ठेवा; तो १ चा वर्ग. त्याच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून ३ ठेवा. चार झाले, २ चा वर्ग. पुन्हा तसेच ५ ठेवा, नऊ झाले. मग ७, मग ९. १, ३, ५, ७ अशा विषम संख्या ओळीने मिळवीत गेले की वर्गच तयार होत जातात. म्हणून ३३ चा वर्ग माहीत असेल तर ३४ चा वर्ग काढण्यास गुणाकार नको : १०८९ मध्ये ३३ आणि ३४ मिळून ६७ घाला, ११५६. हे मुलाने हातांनी एकदा केले की सूत्र सांगावे लागत नाही.

दुसरी गंमत आपल्या जुन्या पाढ्यांतली आहे. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. ते घोकणे गेले याचे मला फारसे दुःख नाही, पण त्यांबरोबर एक सुंदर नियम दृष्टीआड झाला. दीड गुणिले दीड, सव्वादोन. अडीच गुणिले अडीच, सव्वासहा. साडेतीन गुणिले साडेतीन, सव्वाबारा. साडेचारचा वर्ग सव्वावीस, साडेपाचचा सव्वातीस. 'साडे'चा वर्ग प्रत्येक वेळी 'सव्वा'च येतो! कारण चित्रात पाहा. साडेतीन बाजूच्या चौरसात एक ३ बाय ३ चा चौरस आहे, दोन अर्ध्या रुंदीच्या पट्ट्या आहेत आणि कोपऱ्यात अर्धा बाय अर्धा असा तुकडा आहे. कात्रीने एक पट्टी कापून दुसरीच्या शेजारी लावा. दोन अर्ध्या पट्ट्यांची एक पुरी पट्टी झाली. आता ३ बाय ४ चा आयत आणि कोपऱ्यातला पाव. बारा आणि पाव, सव्वाबारा. म्हणजे मागच्या व पुढच्या संख्येचा गुणाकार करावयाचा आणि त्याला 'सव्वा' लावावयाचा. साडेदहाचा वर्ग? दहा अकरे एकशेदहा, त्यात पाव : ११०.२५. हाच नियम दहापटीने पाहिला की ३५ चा वर्ग १२२५, ६५ चा ४२२५, १०५ चा ११०२५. मुले याला युक्ती म्हणतात. कात्री आणि कागद घेतला की युक्तीचे कारण दिसते.

याच चित्राने वर्गमूळाच्या भागाकारपद्धतीचे कोडेही उकलते. १०८९ चे वर्गमूळ उत्तर माहीत नाही असे समजून काढू. दोन अंकी संख्येचा वर्ग तीन किंवा चार अंकी असतो, कारण १० चा वर्ग १०० आणि १०० चा वर्ग १००००. बाजूमध्ये एक अंक वाढला की चौरसात दोन अंकांची जागा वाढते. म्हणून उजवीकडून दोन दोन अंकांच्या जोड्या पाडतात : १० आणि ८९. जोड्यांचे रहस्य एवढेच. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने 'आर्यभटीय' लिहिले तेव्हा त्याने वर्गमूळ काढताना स्थानांना 'वर्ग' आणि 'अवर्ग' अशी नावे दिली होती; एकाआड एक स्थान वर्गाचे. आपण आज ज्या जोड्या पाडतो त्यांच्या मागे हीच कल्पना आहे.

आता पहिल्या जोडीत, म्हणजे १० मध्ये, मावणारा मोठ्यात मोठा वर्ग ९. त्याचे मूळ ३. म्हणजे बाजूमध्ये ३ दशक आहेत, ३० फूट. ३० बाय ३० चा चौरस कापून घेतला, ९०० गेले, १८९ उरले. हे १८९ कोठे आहेत? ३० च्या चौरसाच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात एक लहान चौरस. दोन पट्ट्या, म्हणून ३० ची दुप्पट ६०! हुकुमातली 'दुप्पट' येथून आली. पट्टीची रुंदी अजून कळलेली नाही. ती ३ धरून पाहू. दोन्ही पट्ट्यांची मिळून लांबी ६०, आणि कोपऱ्याच्या चौरसाची लांबी ३, एकूण ६३, रुंदी ३. ६३ गुणिले ३ बरोबर १८९. काही उरले नाही. उत्तर ३३. 'दुप्पट करून पुढे एक अंक मांडा' या वाक्यातला तो पुढचा अंक म्हणजे कोपऱ्यातला चौरस होय. हे चित्र एकदा मुलाच्या हातून काढून घ्यावे. माझा अनुभव असा की त्यानंतर रीत पाठ करावी लागत नाही, आणि विसरली तरी ती पुन्हा मांडता येते.

हेच चित्र आणखी एका चुकीवर औषध आहे. मुले (३ + ४) चा वर्ग ९ + १६ असा लिहितात. सातचा वर्ग ४९. ९ आणि १६ मिळून २५. चोवीस कोठे गेले? दोन पट्ट्या विसरल्या, प्रत्येकी ३ बाय ४, म्हणजे बारा. चूक लाल शाईने खोडण्यापेक्षा हरवलेल्या पट्ट्या शोधावयास लावाव्यात.

दुसरी चूक : १६ चे वर्गमूळ ८. येथे मूल निम्मे करीत असते. त्याला बोलू नये, "आठ बाय आठची खोली किती चौरस फुटांची?" एवढे विचारावे. तिसरी चूक अधिक खोल आहे. वर्ग केला की संख्या मोठी होते असे मुलांच्या मनात बसलेले असते. म्हणून ०.४ चा वर्ग ती १.६ लिहितात. मराठी बोलून पाहावे. अर्ध्याचे अर्धे किती? पाव. म्हणजे अर्ध्याचा वर्ग पाव, अर्ध्याहून लहान. आणि पावाचे मूळ अर्धा, पावाहून मोठे. एकाहून लहान संख्यांची चाल उलटी असते. ०.४ चा वर्ग ०.१६. तसेच ०.९ चे मूळ ०.३ नव्हे, कारण ०.३ चा वर्ग ०.०९. ०.९ चे मूळ ०.९५ च्या आसपास येते. ऋण संख्यांविषयी इतकेच पुरे की ५ आणि ऋण ५ दोहोंचा वर्ग २५ येतो, पण मूळाचे चिन्ह लिहिले की त्याचा अर्थ धन मूळ असा सर्वांनी ठरवलेला आहे.

शब्दांविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्गमूळातले 'मूळ' म्हणजे झाडाचेच मूळ. अरबी गणितज्ञांनी यासाठी 'जज्र' हा शब्द वापरला, त्याचाही अर्थ झाडाचे मूळ. उर्दू शाळांतून आजही तोच शब्द शिकवतात. लॅटिनमध्ये 'राडिक्स', तोही मूळच. इंग्रजीतले 'रॅडिकल' त्यावरूनच आले, आणि भाजीतला 'रॅडिश' म्हणजे मुळाही त्याच शब्दापासून. आपला मुळा तर उघडच मूळापासून. चौरसाला उर्दूत 'मुरब्बा' म्हणतात. बरणीतल्या मुरब्ब्याशी त्याचा संबंध नाही, तो शब्द अरबीत वेगळा आहे. पण वर्गात हे सांगितले की मुले हसतात आणि शब्द विसरत नाहीत. मूळाचे √ हे चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्तॉफ रुडोल्फ या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात प्रथम छापले गेले. विद्या देशोदेशी अशीच फिरते. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० मधील. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये तिचे फारसीत भाषांतर केले.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी याने लिहिलेले एक उदाहरण हुशार मुलांना अवश्य द्यावे. एक चौरस आणि त्याच्या बाजूची दहापट मिळून ३९ होतात, बाजू किती? त्याने चौरसाच्या चारही बाजूंना अडीच रुंदीची एकेक पट्टी लावली. चार पट्ट्या मिळून दहापट झाली. चौरस आणि पट्ट्या, ३९. आता चार कोपरे रिकामे आहेत, प्रत्येक अडीच बाय अडीच, म्हणजे सव्वासहा. चार मिळून २५. ते भरले की मोठा चौरस ६४ चा झाला. त्याची बाजू ८. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच काढले की ३ उरले. पडताळा : ९ आणि ३० मिळून ३९. ज्याला आपण दहावीत 'पूर्ण वर्ग पद्धत' म्हणतो ती एवढीच, आणि 'साडे'चा वर्ग 'सव्वा' हे तिथेही कामास आले.

आता दोन गुंठ्यांकडे परत वळू. ३३ बाजूच्या चौरसाचा कर्ण, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी रेषा, घ्या. त्या कर्णावर उभारलेला चौरस बरोबर दुप्पट असतो. एका चौरस कागदाचे दोन्ही कर्ण घडी घालून पाडा, चार त्रिकोण होतात; कर्णावरच्या चौरसात तसेच आठ त्रिकोण बसतात. मेनोमधला मुलगा शेवटी येथे पोहोचला. आपल्याकडे ख्रिस्तपूर्व काळातील बौधायन शुल्बसूत्रात हेच सांगितले आहे. शुल्ब म्हणजे दोरी. वेदी आखणारे दोरीने मापीत. आजचा गवंडी पाया आखताना दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांची मापे घेऊन काटकोन साधतो, कारण ९ आणि १६ मिळून २५ होतात. लहान कामाला गुण्या पुरतो, मोठ्या पायाला दोरीच लागते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील गवंडीकाम करतात. पायथागोरसचा सिद्धान्त त्याने वर्गात सर्वांआधी ओळखला, फक्त त्याला ते नाव ठाऊक नव्हते.

मग त्या कर्णाची लांबी किती? बाजू १ धरली तर कर्ण म्हणजे २ चे वर्गमूळ. १.४ चा वर्ग १.९६, कमी. १.५ चा सव्वादोन, जास्त. १.४१ चा १.९८८१, १.४२ चा २.०१६४. भागाकारपद्धतीने दशांशापुढे शून्यांच्या जोड्या घेत गेले की १.४१४ येते आणि बाकी संपतच नाही. शुल्बसूत्रकारांनी १ आणि त्यात एक-तृतीयांश, त्यात त्याचा चतुर्थांश, आणि त्यातून त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग वजा, असे मान दिले आहे. हिशेब केला की ५७७/४०८ मिळते. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. अवघ्या एकाचा फरक! मुलांना हा गुणाकार स्वतः करू द्यावा. दोन गुंठ्यांच्या तुकड्याची बाजू यावरून सुमारे ४६ फूट ८ इंच निघते.

तो एकाचा फरक कधी मिटेल काय? नाही, आणि त्याचे कारण आठवीच्या मुलाला कळण्याजोगे आहे. १०८९ चे मूळ अवयव पाडा : ३, ३, ११, ११. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव जोडीने येतो. ७२ मध्ये २ तीनदा येतो, म्हणून ७२ वर्ग नाही. आणखी एका २ ने गुणले की १४४ होतो. आता समजा २ चे वर्गमूळ अ/ब या अपूर्णांकाएवढे आहे. मग अ चा वर्ग हा ब च्या वर्गाच्या दुप्पट व्हावयास हवा. डावीकडे २ हा अवयव जोड्यांनीच आहे, म्हणजे सम वेळा. उजवीकडे जोड्या आणि वर एक सुटा २, म्हणजे विषम वेळा. एकच संख्या दोन्ही कशी असेल? म्हणून असा अपूर्णांक नाही. ज्या लांबीवर आपण कागदाची घडी घालू शकतो ती कोणत्याही अपूर्णांकाने पुरती लिहिता येत नाही. गणितातल्या मोठ्या आश्चर्यांत मी याची गणना करतो.

आता कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये चिन्ह दाबले की उत्तर येते, मग हा खटाटोप कशाला? मोबाईल जरूर वापरावा. पण दाबताना एक शून्य अधिक पडले तर ते ओळखणारे डोके आपलेच लागते. त्यासाठी अंदाजाची एक सोपी रीत मुलांना द्यावी. एक एकराच्या चौरस शेताची बाजू काढू : ४३५६० चे मूळ. २०० चा वर्ग ४००००, म्हणून २०० हा अंदाज. ४३५६० ला २०० ने भागा, २१७.८. खरी बाजू दोहोंच्या मध्ये असली पाहिजे. मधली संख्या २०८.९. पुन्हा भागा व मधली घ्या, सुमारे २०८.७ फूट. दोन पावलांत एवढे जवळ. शेताला कुंपण घालावयाचे असेल तर चारी बाजू मिळून ८३५ फूट तार लागेल, हे मुलाने वडिलांना शेतावर उभे राहून सांगावे.

घरी करण्यासाठी काही उदाहरणे देतो. ए-४ आकाराचा कोरा कागद घ्या. तो २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. एक कोपरा दुमडून चौरस पाडा आणि त्या चौरसाचा कर्ण कागदाच्या लांब कडेशी जुळवून पाहा. का जुळतो? तोच कागद मधोमध दुमडला तर लहान कागदाचा आकार मोठ्यासारखाच का राहतो? २, ३, ७ किंवा ८ या अंकाने संपणारी संख्या वर्ग का असू शकत नाही, ते एक ते दहांचे वर्ग लिहून शोधा. ४३ इंची आणि ५५ इंची दूरदर्शनसंचाचे पडदे एकाच घाटाचे असतील तर मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या कितीपट? (ही इंचांची मापे कर्णाची असतात.) आणि समारंभासाठी ५०० खुर्च्या जितक्या ओळी तितक्याच प्रत्येक ओळीत अशा मांडावयाच्या झाल्या तर किती ओळी होतील, किती खुर्च्या उरतील, आणि आणखी एक ओळ व एक रांग भरावयास किती खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतील?